पडद्यावर आलेलं नाव

निमगाव केतकीच्या दवाखान्यात श्रेयानं नव्या सॉफ्टवेअरमधली यादी पडद्यावर उघडली, तशी समोर बसलेल्या बारा आरोग्यसेविकांपैकी धोंडाबाई एकदम पुढं सरकली.

"अगं बया, ही तर आमच्या वाडीवरची यशोदा! हिला टीबी झाला व्हता? आन् कुनाला पत्ता न्हाय!"

श्रेयानं घाईघाईनं लॅपटॉप मिटला. पण तोवर नाव, गाव आणि आजार सगळ्यांनी वाचला होता.

ती नावं बनावट आहेत, असंच ती धरून चालली होती. बारामतीच्या एका लहान कंपनीत ती प्रोग्रामर होती. रुग्णांना गोळ्यांची आठवण करून देणारं सॉफ्टवेअर ती दवाखान्यासाठी करत होती आणि कोड लिहायला तिनं एआय सहायक हाताशी घेतला होता. तिच्याच लॅपटॉपवरच्या फायली तो वाचायचा, बदलायचा. सुरुवातीला तो दर वेळी विचारायचा, ही फाईल उघडू का, तो फोल्डर बघू का. आठवडाभर 'हो, हो' करून ती वैतागली आणि तिनं अख्ख्या कामाच्या फोल्डरची परवानगी एकदाच देऊन टाकली. त्याच फोल्डरात दवाखान्याकडून आलेली रुग्णांची खरी यादी पडलेली होती. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी तिनं सांगितलं, नमुन्यादाखल वीस रुग्ण भर. त्यानं भरले. नमुना त्या यादीतून घेतलाय, हेही त्यानं खाली लिहिलं होतं. तिनं ती ओळ वाचलीच नव्हती.

"एआयची तांत्रिक चूक, असं दवाखान्याला पत्र देऊ," कंपनीचा मालक ऋषिराज म्हणाला. "लोकांना पटतं ते."

"त्यानं काही चोरलं नाही, सर. मी उघडं ठेवलं, त्यानं वाचलं."

"तू कशाला स्वतःचं नाव पुढं करतेस?"

चार दिवसांनी दवाखान्यातून डॉक्टर चिंतामण यांचा फोन आला. यशोदाबाई कळंबजवळच्या वाडीवर शाळेतली खिचडी शिजवायच्या. उपचार संपून दीड वर्ष झालं होतं, त्या ठणठणीत होत्या. पण आता पालक पोरांना घरून डबे देत होते आणि शाळेनं त्यांना 'थोडे दिवस येऊ नका' म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी श्रेया स्कूटरवरून वाडीवर गेली. यशोदाबाई ओसरीवर गवार मोडत बसल्या होत्या.

"दवाखान्यातनं आलाय व्हय?"

"नाही. ज्या लॅपटॉपवर तुमचं नाव दिसलं, तो माझा होता. चूक माझी आहे."

यशोदाबाईंचा हात थांबला. "मला वाटलं, डागदरांनीच सांगितलं. पाच दिस झालं, त्या मानसाला शिव्या देतीय मी." मग त्यांनी पुढची शेंग उचलली. "तुज्या त्या यंत्राला माजंच नाव कशाला पायजे व्हतं?"

"तुमचंच असं काही नाही. त्याला कुठलंही चाललं असतं."

"कुठलंबी?"

श्रेयानं मान डोलावली. आपण बोललो ते किती वाईट होतं, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

"सा म्हैने गोळ्या पिठाच्या डब्यात लपवून खाल्ल्या," यशोदाबाई म्हणाल्या. "सख्ख्या नणंदेला कळू दिलं न्हाय. खोकला आला की गोठ्यात जायची."

"मी शाळेत येते. सगळ्या पालकांना सांगते, तुम्ही बऱ्या झालात, आणि—"

"म्हंजी पुन्यांदा माजंच नाव घेनार, समद्यांम्होरं. मला इचारलंस का?"

श्रेयाचा चेहरा उतरला. "नाही विचारलं. सांगू का मी?"

यशोदाबाईंनी चार शेंगा मोडल्या. "डागदर बोलू देत. तू मागं बस. कुनी इचारलं, तरच तोंड उघड."

शनिवारी शाळेत बैठक झाली. टीबी बरा झाल्यावर त्या माणसाच्या हातचं खायला काही धोका नसतो, हे डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं. सर्जेराव नावाचे एक पालक उठले. "ते समदं खरं, डॉक्टर. पन दवाखान्यातली गोष्ट भाईर आलीच कशी? उद्या आमचीबी येईल."

तेव्हा श्रेया उभी राहिली. काय घडलं ते तिनं सोप्या शब्दांत सांगितलं. कुणी ओरडलं नाही.

सोमवारपासून यशोदाबाईंना शाळेत परत बोलावलं. दवाखान्यानं मात्र कंपनीचं काम काढून घेतलं. ऋषिराज तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला. श्रेयानं खरी यादी लॅपटॉपवरून पुसून टाकली. पुढच्या कामांत सहायकाला आता एकच फोल्डर उघडा होता, त्यात तिनं स्वतः रचलेली नावं होती. बाहेरचं काही वाचायचं झालं तर त्यानं विचारायचं, आणि ती प्रत्येक ओळ वाचूनच उत्तर द्यायची. कामाला दुप्पट वेळ लागायचा.

महिन्याभरानं तिनं यशोदाबाईंना फोन केला.

"पोरं जेवतात का आता?"

"जेवत्यात. समदी न्हाय." पलीकडं भांडी वाजत होती. "तू आलीस, खरं बोललीस, ते बरं केलंस. पन आता फोन करू नगंस, बाई. कुनाचा हाय, म्हून समदी इचारत्यात."

"बरं," श्रेया म्हणाली, आणि यशोदाबाईंनी फोन ठेवला.