दारावर टांगलेला कोट

तुळशीराम शिंप्याला जाऊन वर्ष झालं आणि त्याच्या बायकोनं, सोजराबाईनं, मोताळ्याच्या बाजारगल्लीतलं दुकान पुन्हा उघडलं. मशीन तीच, कात्री तीच, आणि हातही तयार. वीस वर्षं काज-गुंड्या तिनंच तर केल्या होत्या. पण गडीमाणसानं बाईला अंगाचं माप द्यायचं म्हणजे काय! महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती, मोताळ्याचं राज्य मात्र अजून जुनंच होतं. महिनाभरात शिवायला आल्या त्या दोन उशांच्या खोळी. असंच चाललं तर दुकान बंद करून भावाच्या दारात जाऊन बसायची वेळ होती, आणि भावजय कशी आहे ते तिला पुरतं ठाऊक होतं.

एकदा माळा झाडताना तिला एक गच्च भरलेलं पोतं सापडलं. आत नुसतं कातरण: कोटांचं, सदऱ्यांचं, चोळ्यांचं. उकिरड्यावर जायचं कापडही नवऱ्यानं जपून ठेवलं, म्हणून तिला त्याचं कौतुकच वाटलं. बिघडलं तर रागवायला गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे हात मोकळा सुटला. पंधरा दिवस बसून तिनं त्या तुकड्यांचाच एक कोट शिवला. एक बाही काळी, दुसरी पट्ट्यापट्ट्यांची. शिवणी आत दडवायच्या, तर तिनं त्या बाहेर काढल्या. मिलचा निळा शिक्का सगळे शिंपी कापून टाकतात. तिनं तो पाठीवर मधोमध मिरवला. घेर एका बाजूला गुडघ्यापर्यंत, दुसऱ्या बाजूला पोटरीपर्यंत. वेडेपणाच तो, पण शिवताना तिला भुकेची शुद्ध राहत नव्हती. आपला हात काय करू शकतो ते लोकांनी एकदा बघावं, म्हणून बाजाराच्या दिवशी तिनं कोट दारावर टांगला.

लोक जमले, हसले, पण हलेनात. गर्दीत देऊळघाटचे उत्तमराव होते, कापसाची गाडी घेऊन आलेले. त्यांनी पुढे होऊन कोटाच्या छातीवरच्या हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हे माह्या लग्नाच्या कोटाचं कापड हाय," ते म्हणाले. "खिशाले पुरलं नाही, असं सांगे तुळशीराम मले."

मग गर्दीतल्याच पुष्पाबाईंना आपल्या चोळीचा खण दिसला, आणखी कुणाला सदरा. शिंपी कापड मारतो हे सगळे धरूनच चालतात. पण असा पुरावा कधी कुणी दारावर लावत नाही. नवऱ्याची लबाडी सोजराबाईनं आपल्या हातानं चव्हाट्यावर आणली होती. तिला त्या मेलेल्या माणसाचा भयंकर राग आला, आणि त्याच्यासाठी रडूही आलं.

तिनं वाद घातला नाही. कोट खाली काढला, उंबऱ्यात बसली आणि ज्याचा त्याचा तुकडा उसवून हातात देत गेली. दिवस कलला तेव्हा दोन बाह्या आणि गळा तेवढा उरला होता. आता आपल्याकडे कोण कापड टाकणार, असं म्हणून तिनं भावाला निरोप धाडायचं ठरवलं.

निरोप जायच्या आधी पुढचा बाजार आला, आणि उत्तमराव तो लग्नातला कोट काखेत मारून दारात उभे राहिले. हिरवा तुकडा त्यातच गुंडाळलेला होता. खिसा लावून दे, म्हणाले. तिनं दोन्ही शेजारीशेजारी पसरले. बारा वर्षांच्या उन्हानं कोट विटून मातीच्या रंगाचा झाला होता. पोत्यात राहिलेला तुकडा अजून हिरवागार होता.

"थिगळावानी दिसन, भाऊ. आतून लावू का?"

"बाहेरूनच लाव. दिसू दे." मग ते म्हणाले, "आजवर कोन्या शिंप्यानं मले कापड वापस देल्लं नव्हतं, वैनी."

सोजराबाईनं मान खाली घालून खिसा शिवला, छातीवर, शिवण बाहेर काढून. दोन बोटं रुंदीची पट्टी उरली. तिनं ती न विसरता कोटाच्या घडीवर ठेवली.

घडीवरची पट्टी हातात घेऊन उत्तमरावांनी कोट अंगात चढवला, नव्या खिशात हात घालून पाहिला आणि पट्टी मशीनवर ठेवली.

"हे तुले," ते म्हणाले. "तुह्या कोटाले लाव."