धुळे ते जळगाव, सरळ रेषेत

माझी नात दिपमाला त्या दिवशी पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन धुळ्याहून जळगावला येणार होती. मी आदल्या दिवशीच एसटीने जळगावजवळच्या नशिराबादला बहिणीकडे, लिलाबाईकडे येऊन राहिलो. तिच्या गच्चीवरून विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात.

हिशेब मी नकाशावर पट्टी ठेवून केला होता. रस्त्याने नव्वद किलोमीटरच्या वर, पण सरळ रेषेत ऐंशीच भरले. शिकाऊ विमानाचा वेग शंभर, हे दिपमालानेच सांगितलेलं. म्हणजे पाऊण तासाच्या वर लागणार. माझं गणित मला कधीच खात्रीचं वाटत नाही, म्हणून पुन्हा मोजलं. तेच उत्तर आलं, तेव्हा तर शंका वाढलीच.

सकाळी तिचा 'निघतेय' असा निरोप आला. लिलाबाई लगेच वर जायला उठली. मीच तिला थांबवलं. उन्हात एवढ्यात कशाला, चहा टाक म्हटलं. शेजारचा भिकन आला होता. त्याची म्हैस हरवून सापडल्याची हकिकत चहाबरोबर पुरली. मग आम्ही वर गेलो.

बराच वेळ झाला, तरी आकाशात एक घारसुद्धा दिसेना. दिपमालाचा फोन बंद होता.

"नाना, विमान वाटेत पारोळ्याला चहापाण्याला थांबलं की काय?" भिकन मला म्हणाला. माझा चेहरा पाहिल्यावर मात्र तोही कपाळावर हात धरून आकाश न्याहाळू लागला.

तासाच्या वर होऊन गेला. लिलाबाईने हळूच विचारलं, "भाऊ, पोर कोठे शे?"

माझी नजर आता आकाशात नव्हती. ती खाली केळीच्या बागांवरून फिरत होती, कुठे धूर दिसतोय का म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, केव्हाची उतरलेय. सह्या, तपासणी, सगळं आत्ता आटोपलं. दिसलं ना विमान?"

मी चाचरत म्हटलं की अजून तर तुझी वाट बघतोय, आणि माझा हिशेब सांगितला. ती हसतच सुटली. शंभर म्हणजे शंभर नॉट. किलोमीटरमध्ये ते जवळजवळ दुप्पट होतात. अर्ध्या तासाच्या आतच ती पोचली होती. आम्ही म्हशीच्या शोधात होतो, तेव्हाच ती डोक्यावरून गेली असणार.

"आता परत निघेन थोड्या वेळात," ती म्हणाली. "या वेळी काही मोजू नका, नुसतं बघा."

मी होतो तिथेच खाली बसलो. वाळत घातलेले बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, माझ्याखाली कडकड मोडले. मी ओशाळून उठू लागलो, तर लिलाबाईने पदराने डोळे पुसत माझा खांदा दाबला.

"बठ तठेच. बिबडा काय, उद्या बी व्हतीन."

भिकन मात्र जिन्यावरून धडाधड खाली गेला. अर्ध्या गल्लीला गच्चीवर बोलवायचं होतं त्याला.