ओला टॉवेल

आईने चादरीची दोन टोकं ठकीच्या हातात दिली आणि उरलेली दोन धरून ती मागे सरकली. एकच चादर आज तिसऱ्यांदा घडी होत होती. आईचं अर्धं आयुष्य इस्पितळाच्या धुलाईघरात गेलेलं, तिची घडी कधी चुकायची नाही.

या घरात भांडण व्हायचं ते चादरीनेच. राग आला की दोघींनी टोकं धरायची आणि हिसका द्यायचा. ठकीने शाळा बुडवली तेव्हा आईने असा हिसका दिला, की पोरगी पलंगावर आडवी. मग दोघी उशीत तोंड खुपसून हसल्या होत्या.

कारण दारावरचा दिवा. आवाज चढला की तो लाल होतो, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लाल झालेल्या घराची खिडकी जायची, म्हणजे बिऱ्हाड तळघरात. आणि वर्षभर हिरवा राहिला, तर घरातलं पंधरा वर्षांचं मूल शांत वसाहतीसाठी निवडलं जायचं. मोठा मान! तिथून परत मात्र कुणी आलं नव्हतं. वर्षाकाठी एक छापील पत्र यायचं, बस्स. ठकीची गाडी पाचला येणार होती.

"लोकरीचे मोजे ठेवलेत," आई म्हणाली. "तिथे थंडी असेल."

"हं."

"तुला जायचंय ना गं?"

"एवढा मान मिळालाय. नाही कसं म्हणायचं?"

"मी मानाचं नाही विचारलं."

ठकीने चादरीची टोकं घट्ट धरली. तिला रडू येत होतं आणि या घरात रडणंसुद्धा जपून करावं लागे. तिच्या हातांनी आपसूकच चादरीला एक हिसका दिला. अगदी लहानसा.

आई थांबली. तिने चादर तशीच सोडून दिली, खोलीभर नजर फिरवली आणि बरोबर दिव्याखाली जाऊन उभी राहिली.

"हा ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला?"

आवाज सुरुवातीला चिरकला. सवयच नव्हती. मग मात्र तो मोकळा झाला.

"सांगून सांगून जीभ झिजली माझी! ऐकशील तर शपथ!"

दिवा लाल झाला.

"आई, खिडकी जाईल," ठकी पुटपुटली.

"जाऊ दे खिडकी!" आई ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तू समोर असलीस की मला बाहेर बघायचंच काय आहे?"

ठकी तिच्या गळ्यात पडली. तितक्यात तिला आठवलं. एका घरची निवड रद्द झाली, की मान पुढच्या हिरव्या घराला. म्हणजे खालच्या शिंपीकाकांच्या लेकीला, ठकीच्याच वयाच्या, जिवाभावाच्या मैत्रिणीला.

ती धावत जिन्यात आली. खाली शिंपीकाका दारात उभे होते, मान वर करून तो लाल उजेड बघत. मागे त्यांची लेक भिंतीला चिकटली होती. रस्त्याच्या टोकाला गाडी वळताना दिसत होती.

काकांनी ठकीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"माझी कात्री कुणी हलवली?" ते गरजले.

कात्री त्यांच्या हातातच होती.