मदतीची बाकं

परदेशी सरकारने शिक्षणासाठी दिलेल्या मदतीतून आमच्या शाळेला बाकं मिळाली म्हणे! तपासणीच्या आदल्या दिवशी टेम्पो आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नव्याकोऱ्या बाकांवर शाईचे डाग कुठून आले?

सकाळी धाकटी बहीण मला स्कूटरवर सोडायला आली. तीही शिक्षिका, पण दुसऱ्या शाळेत. वर्गात डोकावून म्हणाली, "ताई, ही तर गेल्या महिन्यात आमच्या तपासणीला आलेली बाकं! हे कडेचं दिसायला धड आहे, पण मागचा उजवा पाय आखूड आहे. बसलं की डुगडुगतं."

मी तडक हेडमास्तरांना गाठलं.

"बाई, तुम्ही आपलं शिकवायचं बघा," ते म्हणाले.

बघतेच, म्हटलं. मदत देणाऱ्या देशाची अधिकारी येऊ दे, तिच्यासमोरच यांचं पितळ उघडं पाडते. तेच बाक मी मुद्दाम पुढे आणून ठेवलं.

अधिकारी बाई आली. मी तोंडभर हसून म्हटलं, "बसा ना!"

तिने पर्समधून कागदाची जाड घडी काढून खाली टाकली, बुटाने नेमकी मागच्या उजव्या पायाखाली सरकवली आणि ऐसपैस बसली.