सतरा नंबरची हजेरी

मोबाइलवरून होणारा मुलांचा छळ कसा ओळखायचा, याचं आम्हा शिक्षकांना दोन दिवस प्रशिक्षण झालं. शेवटच्या परीक्षेत मला वीसपैकी वीस. प्रमाणपत्र स्टाफरूममध्ये लागलं. खिळा मीच ठोकला.

त्याच महिन्यात माझ्या सहावीच्या वर्गातली सतरा नंबरची मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणेनाशी झाली. नुसता हात वर करायची. आवाज तिचा घोगरा, पण कविता म्हणायला लागली की पुस्तक मिटून ऐकत राहावं.

“काय गं, जीभ घरी विसरलीस?” मी म्हणालो.

वर्ग खदखदून हसला. खोटं कशाला बोलू, मलाही गुदगुल्या झाल्या. मग रोजचंच झालं. “आज तरी आणलीस का जीभ?” ती हात वर करून बाकाकडे बघत बसायची.

एकदा मधल्या सुट्टीत शिपाई मावशी आल्या. “सर, तुम्ही आमच्या नातवाच्या फोनात दिवसभर ओरडताय. डोकं उठलं माझं!”

“मी?”

“ऐका की. माझ्या फोनवर घेऊन ठेवलंय. आधी मीही हसले हो. मग पोरगी ओळखू आली, अन् तशीच तुमच्याकडे आले.”

व्हिडिओ मीच काढलेला. तिने कविता सुरेख म्हटली म्हणून कौतुकाने पालकांच्या ग्रुपवर टाकलेला. तिला न विचारता. आता त्यात तिच्या चेहऱ्यावर बेडकाचं तोंड होतं. एकच ओळ, ताणून ताणून डरावडराव केलेली. मागोमाग माझा आवाज, लाडाने ओथंबलेला, “वा! पुन्हा म्हण!” की पुन्हा बेडूक. पुन्हा मी.

देवा, माझ्याच तोंडाला तेव्हा कुलूप का नाही घातलंस?

शिकवलेलं सगळं केलं. पुरावा जपला, मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर घातलं, तिच्या आईला बोलावलं. आई पदराशी चाळा करत म्हणाली, “सर, तिला वाटायचं तुम्हाला त्या बेडकाचं ठाऊक आहे. म्हणूनच रोज विचारता, असं म्हणायची.”



दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी तिला गाठलं. या खेपेला आधी विचारलं, “बाळा, वर्गासमोर माफी मागू?”

तिने दप्तरातून वही काढली. कोपऱ्यात लिहिलं, ‘चालेल. पण माझ्याकडे बघू नका.’

मी फळ्याकडे बघून बोललो. “त्या व्हिडिओत एक आवाज माझा आहे. मूळ व्हिडिओ न विचारता मीच ग्रुपवर टाकला. आणि ती जिभेची थट्टा, तीही माझीच. चुकलो मी. ज्यांनी तो बिघडवला, पुढे पाठवला, त्यांच्याशी मुख्याध्यापिकाबाई बोलतील. मला आधी माझं सांगायचं होतं.”

कुणी हसलं नाही. मी हजेरीपट उघडला.

“सोळा.”

“हजर, सर.”

“सतरा.”

हात वर झाला. तेवढाच. ती बोलेल म्हणून क्षणभर थांबावंसं फार वाटलं. पण ते थांबणंही ‘पुन्हा म्हण’च झालं असतं.

“दिसलीस, बाळा,” म्हणालो, हजेरीची खूण केली आणि पुढचा नंबर घेतला.