कोरे बोल्ट

तिने डब्याचं झाकण पेचकसाने उचकटलं आणि तेलकट कागदाची गुंडाळी बाहेर काढली. आत दहा बोल्ट निघाले. हेडचे, समोरच्या बसच्याच जातीच्या इंजिनाचे. एकेक बोल्ट खिडकीच्या उजेडात धरून तिने माथा पाहिला. एकाही माथ्यावर ठिपका नव्हता.

"बाबा, सापडले," ती म्हणाली. "अगदी कोरे आहेत."

खुर्चीत बसलेल्या मिस्त्रीने, तिच्या बापाने, मान वळवली नाही.

या गॅरेजात ठिपक्यांचा कायदा होता. हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा, बोल्ट आवळला की तो केसभर ताणला जातो, पुन्हा आवळला की आणखी केसभर. पार ताणलेला बोल्ट हेड दाबून धरत नाही. मग हेडखालचं गॅस्केट फुटतं, पाणी नको तिथे उतरतं आणि इंजिन उकळतं. म्हणून बोल्ट बसवताना मिस्त्री दर वेळी त्याच्या माथ्यावर लोखंडी पंचाने एक ठिपका मारायचा. तीन ठिपके झाले की बोल्ट भंगारात. बाकीचे गॅरेजवाले दात काढायचे, मिस्त्री बोल्टांची हजेरी घेतो म्हणायचे. पण स्वतःची गाडी बिघडली की गुपचूप इथेच आणायचे.

समोर शाळेची बस नाक उघडं टाकून उभी होती. तिचे दहाही बोल्ट तीन-तीन ठिपक्यांचे. इतक्या जुन्या इंजिनाचे नवे बोल्ट मागवायचे तर चार दिवस लागणार होते, आणि बसवाल्या शेठला गाडी उद्या सकाळी हवी होती. मुलांची परीक्षा होती. सकाळपासून त्याचे पाच फोन येऊन गेले होते.

"ते ठेव जागेवर," मिस्त्री म्हणाला.

"का?"

"ठेव म्हटलं ना."

असं म्हटल्यावर ठेवून देणाऱ्यांतली ती नव्हती. अकरा वर्षं ती इथे तेल-ग्रीसने काळी होत होती. वर्षभरापूर्वी बापाचे हात कापायला लागल्यापासून प्रत्येक इंजिन तीच बांधत होती, आणि चौतिसाव्या वर्षीही लोक तिला मिस्त्रीची पोर म्हणत होते. तिने व्हर्निअर उचललं. नवा बोल्ट एकशे वीस मिलिमीटर. फार तर एक मिलिमीटर वाढलेला चालतो, त्यापुढे नाही.

पहिला दोन मिलिमीटर जास्त भरला. तिने व्हर्निअरचे जबडे पुसले, पुन्हा मोजलं. तेवढाच. दुसरा तसाच, तिसरा तर त्याहून लांब. तिने माथा तिरपा धरला, तेव्हा त्यावरचे बारीक ओरखडे दिसले. सगळे एका दिशेने गेलेले.

"कोऱ्या बोल्टांवर कानस कशाला चालवलीत, बाबा?"

मिस्त्रीने मांडीवरचं फडकं घेतलं आणि स्वच्छ हात पुसायला लागला.

"तीन ठिपके होते," तो म्हणाला. "माल येईना. शेठ डोक्यावर बसलेला. एकदा आणखी घालू म्हटलं. पण चौथा ठिपका हाताने मारवेना."

"म्हणून तीनही घासून टाकले."

"हं."

"कुठल्या गाडीचे?"

विचारतानाच तिला उत्तर कळलं होतं.

"शेठच्या दुसऱ्या बसचे."

दोन वर्षांपूर्वी ती दुसरी बस चढावर उकळून बंद पडली होती. बसमध्ये अडतीस मुलं. कुणाला खरचटलंही नाही, पण वळणावर तीन तास मुलं उन्हात बसली. आईबापांनी शाळा डोक्यावर घेतली आणि शाळेने शेठला धारेवर धरलं. शेठने मिस्त्रीला विचारलं, काय झालं? मिस्त्री म्हणाला, ड्रायव्हरने पाणी न बघता दामटली. ड्रायव्हर म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, हिचा मामा. एकवीस वर्षं विनातक्रार बस चालवलेला माणूस एका वाक्यात बसवरून उतरवला गेला. आता तो गोदामाच्या फाटकावर काठी घेऊन उभा असतो. आईने नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि भावाचं नाव घेणं सोडलं. मामाही फिरकला नाही. तो गुन्हेगार आहे म्हणूनच तोंड लपवतो, असं घरात ठरलं होतं. तीही तेच मानत आली होती.

"मामाला माहीत होतं?"

"इथेच उभा होता. मी कानस मारत होतो तेव्हा."

"आणि तरी तुम्ही त्याचं नाव..."

बाहेर मोटारसायकल थांबली. शेठ हेल्मेट काढतच आत आला.

"काय मिस्त्री, बस बांधताय की बसायला आणलीय?" त्याने बाकावर पाहिलं. एक बोल्ट उचलून माथ्यावरून अंगठा फिरवला. "हे काय, कोरे बोल्ट तर पडलेत. उगाच माझा जीव काढलात. घाला की हेच."

तिने व्हर्निअर खाली ठेवलं आणि बापाकडे पाहिलं. बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण हे तिच्या तोंडून निघालं असतं तर म्हाताऱ्याची सुटका झाली असती. तिला त्याची सुटका करायची नव्हती.

शेठ एकदा मिस्त्रीकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

"ते नाही घालायचे," मिस्त्री म्हणाला.

"का बरं?"

"मेलेले आहेत. मागे तुमची गाडी उकळली ती यांच्यामुळे. ठिपके मी घासले होते. पाण्याचं मी खोटं सांगितलं."

फडकं त्याच्या हातात गोळा झालं होतं. शेठने बोल्ट हळूच खाली ठेवला, जसा काही तो गरम होता.

"मला कळत नाही," तो म्हणाला. "तुमचा मेहुणा तर त्याच संध्याकाळी माझ्या घरी आला होता. तुम्ही सांगायच्या आधी. पाणी बघायला विसरलो म्हणाला. चूक माझी आहे, गॅरेजवाल्याला बोल लावू नका, त्याच्या घरात माझी बहीण आहे म्हणाला."

मिस्त्रीने हातातलं फडकं मांडीवर टाकलं.

शेठने घड्याळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग अवघडलेपण, आणि दोन्ही गेल्यावर शाळेची वेळ उरली.

"जे झालं ते झालं. आता तो काय परत येणार आहे थोडाच? नवीन ड्रायव्हर बरा आहे." त्याने हेल्मेट काखेत मारलं. "मला एवढंच सांगा, गाडी कधी?"

"चार दिवसांनी," ती म्हणाली. "नवे बोल्ट आल्यावर."

"चार दिवस मुलं पायी जातील का?"

"दुसऱ्याची बस घ्या. नाहीतर दुसरं गॅरेज बघा."

शेठ पुटपुटत निघून गेला. मोटारसायकलचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. एका माणसाचं नाव मातीत घातलं होतं, आणि ते उकरून वर काढल्यावरही ज्याने मामाला हाकललं त्याला बसची वेळच विचारायची होती. तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायला समोर बापच होता.

मिस्त्री खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठला. पायाने चपला चाचपल्या.

"कुठे निघालात?"

"गोदामावर." त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावायचा प्रयत्न केला. बोटं ऐकेनात. "सहाला पाळी सुटते त्याची. आज मंगळवार, मागच्या फाटकावर असेल. मंगळवार-शुक्रवार तिकडे असतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. दोन वर्षांत या माणसाने मेहुण्याचं नाव उच्चारलं नव्हतं. तिने पुढे होऊन ते बटण लावलं नाही.

"आईला काय सांगू?"

तो दारात थांबला. बाहेरच्या उन्हात त्याचे डोळे बारीक झाले.

"भावाला आणायला गेलेत म्हण." मग उंबरा ओलांडताना, "येईलच असं नाही, म्हणावं."