दोन बोटं जादा कापड

संग्रहालयाच्या बाई कोट उलटा करून खिडकीशी गेल्या आणि तिथेच थबकल्या. मी लेकीला थोपटत होते. माझा हात हवेतच राहिला, कारण बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

तो कोट म्हणजे आमच्या घराचं नाक. आजेसासऱ्यांचा लष्करी कोट, आणि ते मोठे जनरल. चौकात पुतळा, शाळेच्या पुस्तकात धडा. त्यांचा एकुलता एक मुलगा मात्र शिंपी झाला. बापाने तलवार गाजवली, लेकाने सुई, असं सगळी गल्ली म्हणायची. सुईने कुणाची आई रडत नाही, असं म्हणून बाबा ते हसण्यावारी न्यायचे. पण कोट जिवापाड जपायचे. काचेच्या कपाटाची किल्ली कायम त्यांच्या खिशात. आज तो संग्रहालयात जायचा होता. नवऱ्याने सुट्टी काढून नवा शर्ट घातला होता. आपल्या लेकीला पणजोबा काचेआड का होईना, कायम भेटतील, हे सकाळपासून मला चारदा ऐकवून झालं होतं.

बाईंनी शिवणीत बोट घातलं. “आत दोन बोटं जादा कापड सोडलंय.” लष्कराच्या शिवणखान्यात अंगाबरोबर कापतात, असं कधीच सोडत नाहीत, हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं.

माणसं सुटतात, पोरं वाढतात, उसवून घेता यावं, म्हणून बाबा प्रत्येक कपड्यात दोन बोटं सोडतात. लेकीच्या झबल्यातसुद्धा.

नवरा घाईघाईने म्हणाला, कधीतरी दुरुस्त केला असेल. बाईंनीही मान डोलावली. तेवढ्यावर निभावलं असतं.

“दुरुस्ती नाही,” बाबा म्हणाले. “अख्खा मीच शिवलाय. बटणं तेवढी वडिलांची.”

मग खरा कुठाय, असं नवऱ्याने विचारलं.

बाबा त्याच्याकडे बघत सांगायला लागले. तू सातव्या महिन्यात झालास. मूठभर जीव, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि घरात लोकरीचं कापड तेवढंच. कात्री घातली आणि सरळ कापत गेलो.

“तुझं दुपटं केलं,” ते म्हणाले.

मी पाळण्यात पाहिलं. सासूबाईंनी जाण्याआधी माझ्या हातात ठेवलेलं तेच दुपटं. किती जड आहे, दोन दोन दिवस वाळत नाही, म्हणून मी त्याला नावं ठेवली होती. शंभरदा तरी साबणाने बडवलं होतं. आत्ताही लेकीने ते ओलं केलं होतं.

बाबांनी कोपऱ्याचा टाका नखाने उसवला. फिकट अस्तराखाली हिरवट लोकर, आणि तिच्यात एक काज. बटण नसलेलं.

खरी वस्तू हीच, हिची नोंद करावी लागेल, बाई हळूच म्हणाल्या. त्यांचा हात पुढे आला तशी मी पाळण्याला खेटून उभी राहिले.

नवरा पाळण्यापाशी आला. गुडघ्यांवर बसून त्याने त्या काजात बोट घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

“हे नाही देता येणार,” तो म्हणाला. “वापरात आहे.”

मग या कोटाच्या पाटीवर काय लिहू, असं बाईंनी विचारलं. बाबांनी आमच्याकडे पाहिलं.

“शिंप्याचं काम,” ते म्हणाले. “एवढंच लिहा.”